नाटकातला जावई

"कुठे आहे तो परका?" डॉक्टर गरजले आणि त्यांनी तलवार उपसली. पुठ्ठ्याची ती तलवार म्यानातच अडकली, नुसती मूठ हातात आली.

दातांचा दवाखाना बंद केला की डॉक्टर थेट तालमीला येत. नाटक जुनं होतं. सरदाराची मुलगी दूरदेशीच्या खलाशाशी लग्न करते, आणि सरदार त्याच्या जिवावर उठतो. सरदार डॉक्टर. खलाशाचा घसा बसला, म्हणून दिग्दर्शिकेने, म्हणजे डॉक्टरांच्या मुलीने, आपल्या नवऱ्यालाच उभं केलं होतं. तोही परदेशातलाच. पोहायला शिकवायचा; भाषा बऱ्यापैकी बोलायचा.

"एक शंका," जावई संहिता चाळत म्हणाला. "माझं नाव कुठे आहे?"

"पहिल्या प्रवेशात," मुलगी म्हणाली. "बायको एकदाच घेते."

"आणि बाकीचे?"

सरदाराची बायको झालेल्या मावशींनी चष्मा चढवला. "परका. काळतोंड्या. समुद्राने ओकलेला. अगंबाई! इतके दिवस घोकतोय, पण कुणाच्या लक्षातच नाही आलं."

"काळतोंड्या समजलं," जावई खुशीत म्हणाला. "परका म्हणजे काय?"

डॉक्टर खाकरले. "म्हणजे... बाहेरून आलेला. आपल्यातला नसलेला. पाहुणाच म्हणा ना."

"पाहुणा? म्हणजे मीच की!"

ओळखीचा शब्द सापडल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. सगळे खो-खो हसत सुटले. मावशी डोळे पुसत खुर्चीत बसल्या. मुलगीही हसली, पण बाबांकडे बघत. लग्नाला तीन वर्षं झाली तरी घरात जावयाशी बाबांचं तेच चालायचं: पाहुणे, बसा. पाहुणे, राहू द्या, तुम्ही नका उठू.

डॉक्टर हसले, जरा उशिराने.

प्रवेश पुन्हा सुरू झाला. आता 'परका' म्हणताना डॉक्टरांचा आवाज असा चिरकला, की मावशी दचकल्या.

"बाबा, आज जमलं!" मुलगी ओरडली.

तालीम संपली. मागचा जाडजूड पडदा गुंडाळायचा होता. जावई सवयीने हात बांधून बाजूला उभा राहिला.

"अरे, बघत काय उभा राहिलास? दुसरं टोक धर की!" डॉक्टर ओरडले.

जावयाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग मात्र तो धावत आला आणि त्याने टोक पकडलं.

"ओढ जोरात," डॉक्टर म्हणाले. "जेवला नाहीस का?"