मऊ जोडी

बेळगावात स्कीचं दुकान कुठलं असणार? म्हणून दरवर्षी गुलमर्गला स्की शिकायला जाणाऱ्या आरोहीनं यंदा स्वतःच्या जोडीची खरेदी चुलतभावावर, नागेंद्रअण्णावर सोपवली. लष्करात असताना त्यानं जवानांना बर्फावर स्की शिकवली होती.

"अण्णा, सगळ्या उतारांवर चालंल, चूक पोटात घालंल अशी मऊ जोडी बघ."

"लई मऊ बघतो गं."

गुलमर्गच्या पहिल्याच उतारावर ती आपटली. गुडघा टम्म सुजला. प्रशिक्षकानं स्की हातात घेऊन वाकवून पाहिली, ती वाकेना. ही शर्यतीची ताठ जोडी, शिकाऊ माणसाला कुणी दिली, असं त्यानं विचारलं.

आरोहीनं अण्णाला फोन लावला. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय. काकाच म्हणाले, एकदा आपटली की दरवर्षीचं खूळ जाईल. जास्त लागलं न्हाय न्हवं?"

काका म्हणजे तिचे वडील, आप्पा. निघताना ती जोडी त्यांनीच गाडीत ठेवली होती, ओरखडा पडू नये म्हणून चादरीत गुंडाळून.

"लागलं," आरोही म्हणाली. "गुडघ्याची सूज उतरली की भाड्याची घेऊन वर जाणार हाय. आप्पांना तूच सांग. मी आता घरात कुणाला काय विचारणार न्हाय."