छापील बाजू खाली

पाकिटावरची ती बाई माझ्या ना नात्यातली ना ओळखीतली, पण आठ दिवस मी तिच्यावर दात खाऊन होते. शर्टाच्या तयार पॅटर्नचं पाकीट होतं ते. वर तिचं चित्र: कमरेवर हात, मान जराशी कलती, आणि अंगाची डावी बाजू अगदी उजवीसारखी, कागद दुमडून कापल्यागत. आत पातळ टिश्यूचे कागद. पुढच्या भागाच्या कागदावर छापलेलं होतं, ‘दोन कापा’. म्हणजे कापड दुहेरी करा, कागद एकदाच ठेवा, कात्री एकदाच चालवा, की दोन्ही बाजू तयार. सारख्याच असणार ना दोन्ही, त्यात विचारायचं काय!

माझ्या आईच्या सारख्या नाहीत.

गेल्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं आणि तिचा डावा स्तन काढावा लागला. (हे वाक्य न अडखळता लिहायला मला वर्ष लागलं. लिहिलं बाई एकदाचं.) आता ती बरी आहे. डॉक्टरीणबाईंनी तसं स्पष्ट सांगितलंय, आणि मी रोज सकाळी डोळे उघडायच्या आधी ते एकदा मनात म्हणून घेते. बरी आहे, बरी आहे, बरी आहे. मग उठते.

पण बाहेर जायचं म्हटलं की आई कपाट उघडायची, दोन मिनिटं बघायची आणि दार लावून टाकायची. जुने शर्ट डावीकडे पोकळ पडायचे. आत घालायला मिळालेली गादी तिला उकडायची, टोचायची. “उशी घेऊन लोक झोपायला जातात, कामाला नाही,” म्हणायची. घरात मग बाबाचे ढगळ शर्ट. ती वाचनालयात काउंटरवर असते, आणि तिला सोमवारी परत रुजू व्हायचं होतं. याआधी दोनदा तारीख पुढे ढकलून झाली होती. तिसऱ्यांदा ढकलली तर त्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी कायमचं बसणार, असं तिकडून अगदी गोड शब्दांत कळवलं होतं.

“शिंप्याकडून शिवून घे की,” बाबा म्हणाला.

“परक्या माणसापुढे हात वर करून उभी राहणार नाही मी.” विषय संपला.

एरवी तिनं स्वतःच शिवलं असतं. मशीन तिचंच आहे. पण डावा हात दहा मिनिटांत भरून यायचा, कापड धरून ठेवता यायचं नाही. तेव्हा मी म्हटलं, “मी शिवते.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. “तू? शर्टाचं बटण तुटलं तर टाचणी लावून शाळेत जातेस तू.”

“म्हणूनच तर मला टाचण्यांचा दांडगा अनुभव आहे.”

“शिंपीणबाई, आधी दोरा ओवून दाखवा,” बाबा म्हणाला. तिसऱ्या प्रयत्नात ओवला. तिसऱ्या म्हणजे तसा लवकरच.

दुसऱ्या दिवशी शाळेतून थेट बटणवाल्या काकांच्या दुकानात गेले आणि शर्टाच्या पॅटर्नचं पाकीट मागितलं. त्यांच्याकडे भिंतभर लहान लहान खण आहेत, आणि प्रत्येक खणावर आत जे बटण आहे ते नमुना म्हणून शिवलेलं.

“छाती किती?” त्यांनी चष्म्यावरून विचारलं.

मागे दोन गिऱ्हाइकं. मी म्हणजे वर्गात हजेरीला ‘हो’ म्हणायचे तेही बाकाला ऐकू जाईल इतकंच. पण त्या दिवशी कुठून कोण जाणे आवाज फुटला. “काका, एकाच बाजूला आहे. दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन झालंय. आईसाठी पाहिजे. माप कुठलं धरायचं ते तुम्हीच सांगा.”

मागची गिऱ्हाइकं एकदम लेसमध्ये गुंगून गेली. काका मात्र पापणीही न हलवता म्हणाले, “तू कुठलं धरलंस?”

“सगळीकडून टेप फिरवून जे आलं ते.”

“म्हणजे दोन नंबर लहान. तो शिवलास तर तुझ्या आईला श्वास घेता यायचा नाही. खांदे तेच आहेत ना? पाठ तीच आहे ना?”

“हो.”

“मग टेप काखेतून काढून छातीच्या वरून घे. येईल त्या मापाचा नंबर न्यायचा, बाकीचं कागदावर निस्तरायचं. आणि चांगल्या कापडाला हात लावायच्या आधी मांजरपाटावर शिवून बघायचं.”

“मांजरपाट म्हणजे?”

“अरे देवा,” काका म्हणाले आणि तागा काढायला स्टुलावर चढले. कोरं, भरड, स्वस्तातलं कापड, दोन्हीकडून सारखंच. या कापडावर चुका करायच्या आणि फेकून द्यायच्या, असं त्यांनी समजावलं. (दोन्हीकडून सारखंच, हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.)

घरी आल्यावर आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ‘खांदे तेच आहेत ना, पाठ तीच आहे ना’ हे ऐकल्यावर तिनं मान वर केली.

“असं म्हणाले ते?”

“असंच म्हणाले.”

“शहाणा माणूस आहे,” ती म्हणाली. मग टेप माझ्या हातातून घेतली, माझ्याच गळ्यात घातली आणि पाठ ताठ करून उभी राहिली. “घ्या मापं, शिंपीणबाई.”

आलेल्या मापाचं पाकीट आणलं आणि सुरू झाले ते आठ दिवस! उजव्या बाजूला पॅटर्नमधला टक, म्हणजे उभारासाठी घातलेली ती चिमूट, तशीच ठेवायची होती. डाव्या बाजूचा कागद वेगळा उतरवून त्यातला टक बंद करायचा होता. पण टक बंद केला की कागद होडीसारखा फुगे. मग त्याला काप द्यायचा, कडा एकीवर एक सरकवायच्या, चिकटपट्टी लावायची. पहिल्या मांजरपाटात मुंढ्यापाशी, म्हणजे बाही जोडतात तिथे, इतकी फट राहिली की बाबा म्हणाला, “यात चष्मा ठेवायची सोय छान आहे.” दुसऱ्यात शिवण नेमकी व्रणावर आली. मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून कळलं. शिवण दोन बोटं मागे सरकवली. तिसरा घातला आणि ती आरशासमोर गेली. डावीकडे खांद्यापासून खाली तळहात फिरवला. कुठे पोकळ नाही, कुठे सुरकुती नाही.

“बसलं,” ती म्हणाली. एवढंच. मला पलंगावर उड्या मारायच्या होत्या. दोन मारल्याच.

रविवारी सकाळी खरं कापड काढलं. गर्द निळं, त्यावर बारीक पांढरी पानं. आजारपणाच्या आधी आईनं हौसेनं घेतलेलं, तसंच घडीत राहिलेलं. उलट्या बाजूनं तीच पानं फिकट दिसायची, धुक्यातल्यासारखी. “एकेरी काप, दोन्ही भाग वेगवेगळे. आणि घाई नको,” असं सांगून आई केस धुवायला गेली.

मी घाई केली नाही, शपथ. पाठ कापली, बाह्या कापल्या. उजव्या बाजूचा कागद ठेवला, छापील बाजू वर, कर्र कर्र कर्र. डाव्या बाजूचा कागद ठेवला, उतरवलेल्या रेघा वर, कर्र कर्र कर्र. कात्रीचा तो आवाज मला इतका आवडायला लागला होता की संपल्यावर वाईट वाटलं. मग दोन्ही भाग शेजारी शेजारी मांडले.

दोघांचे गळे एकाच दिशेला बघत होते. बसच्या रांगेतल्या माणसांसारखे.

एक भाग फिरवला. मग तो खांदा खाली, कड वर, तर टेबलावर शर्ट शीर्षासन करायला लागला. मग लख्ख कळलं. डाव्या बाजूचा कागद मी उजव्याच्याच कागदावरून उतरवला होता. कापताना तो पालथा घालायला हवा होता. मी दोन उजव्या बाजू कापल्या होत्या. डावी नव्हतीच! मांजरपाटाला सुलट-उलट नसतं, त्यामुळे तिथे तीनही वेळा नकळत तुकडा उलटा होऊन बेमालूम बसला होता. उरलेल्या कापडाच्या चिंध्या, त्यात बाजू मावणं शक्य नाही. आणि दुसऱ्या दिवशी सोमवार.

बाबा डोकावला. “झालं?”

“बाबा, मी आईला दोन उजव्या बाजू कापल्यात.”

बाबानं टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “बरं,” तो हळूच म्हणाला, “एक परत जोडता येईल का?” आणि माझा चेहरा बघून पळाला तो थेट टॉवेल घेऊन आईला बोलवायला.

आई ओले केस गुंडाळत आली. टेबलापाशी उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. एवढं सगळं करून मी तिला रडवलं होतं.

ती हसत होती. खुर्चीत बसून, टॉवेल सुटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. वर्षभरात तो आवाज घरात झाला नव्हता. “अगं, मी माझ्या पहिल्या कोटाला दोन डाव्या बाह्या लावल्या होत्या. हिवाळाभर एक हात मागे घेऊन फिरले. लोकांना वाटायचं, हिनं पाठीमागे काहीतरी लपवलंय!”

मग डोळे पुसून तिनं टक नसलेला तो भाग उचलला आणि पालथा करून दुसऱ्याशेजारी ठेवला. गळे समोरासमोर आले. उजवी बाजू गर्द निळी, डावी फिकट, धुक्यातली.

“आई, ती उलटी बाजू आहे.”

“दिसतंय मला.”

“अगं, पण मग सगळ्यांना कळेल, डावी बाजू वेगळी आहे ते.”

बोलले आणि जीभ चावली. आमच्या घरात वर्षभर याच वाक्याला वळसा घालून सगळे चालत होतो.

आईनं फिकट पानांवरून बोट फिरवलं. “आहेच की वेगळी,” ती म्हणाली. “कळू दे.” आणि मग लगेच तिचा जुना, हुकूम सोडणारा आवाज: “उरलेल्या तुकड्यांतून कॉलर काढ, फिकट बाजू वर. उजवा कफही तसाच. म्हणजे चूक वाटणार नाही, मुद्दाम केल्यासारखं वाटेल. आणि हे तू, इस्त्री तापव!” ‘हे तू’ म्हणजे बाबा.

शर्ट तिघांनी मिळून शिवला. कॉलर आईनं लावली, दहा मिनिटं शिवणं, दहा मिनिटं हात उशीवर. लांब शिवणी माझ्या. बाबा प्रत्येक शिवण अशी दाबत होता, जणू ती पळून जाणार होती. उजेड असेपर्यंत शेवटचं बटण लागलं. टाचणी नाही, बटण!

सोमवारी मला शाळेत एक अक्षर कळलं नाही. घंटा झाली तशी पळत वाचनालयात गेले आणि दारातच थांबले. आई काउंटरवर होती. समोर रोज पेपर वाचायला येणारे आजोबा.

“बाई, फार दिवसांनी,” ते म्हणत होते. “आणि शर्ट कुठून घेतलात? एक बाजू उन्हात, एक सावलीत.”

“मुलीनं शिवलाय,” आई म्हणाली. “कापताना चुकली, म्हणून इतका छान झाला.”

आजोबांना कुठलंसं जाड पुस्तक हवं होतं. आईनं वळून मागच्या फळीवरून ते काढलं. डाव्या हातानं. हात खांद्यापर्यंतच गेला, पण गेला, आणि मुंढा कुठे ओढला गेला नाही. मी आधी मुंढ्याकडे बघितलं आणि मग तिच्या चेहऱ्याकडे. शिंपीण झाले की मी!

तिथून तशीच काकांच्या दुकानात गेले आणि म्हटलं, “बसला.” त्यांनी विचारलं, “श्वास घेता येतोय?” मी म्हटलं, “हसताही येतंय.” खूप काही बोलायचं होतं, पण काका लगेच बटणं मोजायला लागले, मग मी नुसतं दोनदा थँक्यू म्हणून आले.

घरी येऊन डाव्या बाजूच्या कागदावर लाल पेननं लिहिलं: ‘आई, डावी. ही बाजू खाली ठेवून कापणे.’ सगळे कागद घडी घालून पाकिटात कोंबले. बाईवरचा राग आता गेलाय. आयते खांदे तिनेच दिले, आयती पाठ तिनेच दिली, आभारच मानायला हवेत तिचे. पाकीट काही मिटलं नाही, शेवटी रबर लावलं. मिटणार कसं? आत आता एक भाग जास्त आहे.