तीन मण्यांची माशी

“शुभा, गाडी वळव. मी नाही येत,” चित्रलेखा म्हणाली.

कूमाच्या पंपावर पेट्रोल भरून मी नुकतीच आत येऊन बसले होते. सिडनीहून पहाटे निघालेलो. गाडी हाकून हाकून माझ्या कमरेचा काटा ढिला झाला होता, आणि ही बाई म्हणते वळव!

“डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? जिंडाबाइन आता तासाभरावर आलंय.”

“ते मला बोलायला उभं करतील गं. मोहनने ती माशी कशी बांधली ते सांगा म्हणतील. काय सांगू? खोटं बोलू, की तो गेल्यावर त्याला उघडं पाडू?”

मांडीवरचा पत्र्याचा डबा तिने दोन्ही हातांनी असा धरला होता, की जणू कुणी हिसकावून नेतंय. डबा मोहनचा, तिच्या नवऱ्याचा. त्यात हुक, दोरे, पिसं, कापूस. तळ्याकाठच्या त्या मासेमारी क्लबाला तो द्यायचा आणि क्लबात लागणाऱ्या पाटीच्या कार्यक्रमाला बसायचं, एवढंच काम होतं. पाटी मोहनच्या माशीची.

माशी म्हणजे खरी माशी नव्हे. ट्राउट माशाला फसवायला बारीक हुकावर दोरा-पिसं गुंडाळून किडा तयार करतात, त्याला इकडे फ्लाय म्हणतात. मासा फसला, की त्याला काठाशी आणायचं, कौतुकाने बघायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचं! मी मालवणची. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी मोहनला म्हटलं होतं, “अरे, मग गेलास कशाला? माशाचा पापा घ्यायला?” तो पोट धरून हसला होता. घरात चित्रा शुद्ध शाकाहारी, तिच्यापाठोपाठ तोही, त्यामुळे त्याला हा खेळ अगदी सोयीचा होता.

खेळ सोयीचा होता, हात सोयीचे राहिले नाहीत. कंपवात सुरू झाला. आधी उजवा हात, मग दोन्ही. आणि त्या क्लबाची रीत अशी, की ज्याची माशी त्यानेच बांधायची. दुकानातली विकत आणून लावली, तर म्हातारे तोंडावर काही बोलत नाहीत, पण चहा पिताना एकमेकांकडे बघतात. मोहनला ते बघणं नको होतं.

पुढचं मला चित्रानेच सांगितलेलं. गणपतीच्या आदल्या दिवशी सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या घरी ती जेवणाच्या टेबलावर कापसाची वस्त्रं करत बसली होती. समोर मोहन हुकाशी झटापट करत होता. दोरा सुटायचा, पीस उडायचं, तो दात-ओठ खायचा. शेवटी ही वैतागली. “दे इकडे!” म्हणून तिने हुक ओढून घेतला. हात तर वस्त्रांच्या लयीत होते. आपण कापसाची वात ओढतो, मध्ये मध्ये चिमटीने पीळ देऊन मणी पाडतो आणि दोन मण्यांच्या मध्ये कुंकवाचं बोट लावतो, तेच सगळं तिच्या हातांनी त्या हुकावर करून टाकलं. तीन मणी आणि मध्ये दोन लाल ठिपके. केल्यावर तिच्या लक्षात आलं. “अगं बाई, हे काय केलं मी! देवाचं वस्त्र माशाला!” ती सोडवायला निघाली, तर मोहन म्हणाला, “राहू दे. मासे काय, सोवळं विचारतात?” वरून तिने रंग नसलेलं नेलपॉलिश फिरवलं, कुंकू पाण्यात जाऊ नये म्हणून.

त्या शनिवारी मोहनने त्या माशीवर इतके ट्राउट काढले, की बाकीचे आपापलं सामान आवरून नुसते बघत बसले.

झालं! पुढच्या वर्षभरात ती माशी सगळीकडे. जिंडाबाइनच्या दुकानात नक्कल मिळायला लागली, मग मेलबर्नला, मग टास्मानियात. ते लाल ठिपके कुणी दोऱ्याने करायचं, कुणी मार्करने. यूट्यूबवर एक दाढीवाला तर छातीठोक सांगत होता, की ही जुनी स्कॉटिश माशी आहे. मी म्हटलं, वा! आमचा गणपती स्कॉटलंडचा!

पण मोहनने पहिल्याच दिवशी चित्राला बजावलं होतं, “तू बांधतेस हे कुणाला सांगायचं नाही हं.” तिने नाही सांगितलं. मला सांगितलं, ते मी खनपटीलाच बसले म्हणून. तो असेपर्यंत दर शुक्रवारी बाई माशा बांधून डबीत भरून द्यायची आणि लोकांनी मोहनची पाठ थोपटली, की बाजूला उभी राहून हसायची. गेल्या जुलैत मोहन गेला. त्यानंतर तिने एकही माशी बांधली नाही. कुंकवाचा करंडासुद्धा उघडला नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं, तर पोरींनी हाका मारूनही आली नाही. “उगाच कुणाला अवघडल्यासारखं नको,” म्हणाली. मी भांडले तिच्याशी. अवघडलं कोण होतं? तीच.

पंपावरून हलायच्या आधी ओवीचा फोन आला. ओवी तिची मुलगी, मेलबर्नजवळ पॉइंट कुकला असते; घरचीच, म्हणून तिला सगळं ठाऊक. स्पीकरवरूनच म्हणाली, “आई, जस्ट टेल देम यू मेड इट. व्हॉट्स द बिग डील?”

“तुझ्या बाबांचा शब्द आहे तो,” चित्रा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मी गाडी सुरू केली, पण वळवली नाही. “खोटं बोलायचं असेल तर बोल,” म्हटलं, “पण तोंड दाखवल्याशिवाय मी तुला परत नेणार नाही. डबा तरी देऊन ये.”

खरं सांगू? मला वाटत होतं, तिने खरं बोलावं. माझा जीव तळमळत होता. बाईने राबायचं आणि पाटीवर नाव बाप्याचं, हे काय मला पचणारं नव्हतं. पण तिच्या तोंडाकडे पाहून मी गप्प बसले. मला गप्प बसणं किती जड जातं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

क्लब म्हणजे तळ्याकाठची एक पत्र्याची शेड. बाहेर बार्बेक्यूवर सॉसेजेस चरचरत होती. पंधरा-वीस माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, डोक्यावर टोप्या, नाकं उन्हाने सोललेली. त्यांचा अध्यक्ष ग्रॅहम, ताडमाड उंच म्हातारा, पुढे आला आणि त्याने चित्राच्या हातात एक ताटली दिली. कांदे, बटाटे, मक्याची कणसं. म्हणाला, वेगळ्या तव्यावर भाजलंय, मोहनचं भाजायचो तसंच. तो बोलला इंग्रजीत, पण मी आपली माझ्या मराठीत सांगते.

भिंतीवर पाटी होती, तिच्यावर भांडी पुसायचा टॉवेल टांगलेला. सगळे आत आले, टोप्या काढल्या. ग्रॅहम म्हणाला, “चित्रा, लव्ह, त्या माशीबद्दल दोन शब्द सांगशील? जमेल तेवढंच.”

ती उठली. डबा तिने माझ्याकडे दिला नाही, पोटाशी धरूनच उभी राहिली.

“मोहन ती घरी बांधायचा,” ती म्हणाली. आवाज बारीक, पण सरळ. “आमच्या जेवणाच्या टेबलावर. शुक्रवारी. त्याला खूप आवडायचं ते. त्याचे हात... शेवटपर्यंत त्याचे हात फार स्थिर होते.”

समोरचा एक म्हातारा आपल्या बुटांकडे बघायला लागला. दुसऱ्याने खिडकीबाहेर तोंड वळवलं. माझ्या मनात आलं, मेल्यांना कळलं बहुतेक. आता हसतील आणि कुणी हसलंच, तर मी त्याला सोडणार नाही.

कुणी हसलं नाही. ग्रॅहमने सावकाश टॉवेल ओढला.

लाकडी पाटी होती. वर माशीचं नाव कोरलेलं होतं, ‘द मिसस’, इकडे घरच्या बायकोला म्हणतात तसं. खाली बारीक अक्षरांत, ‘चित्रा हिने बांधली. मोहनने इथे आणली.’

चित्राने ते वाचलं. परत वाचलं. मग मराठीतच माझ्याकडे वळून म्हणाली, “हे काय लिहिलंय गं?”

“पहिल्या हिवाळ्यातच त्याने आम्हाला सांगितलं,” ग्रॅहम म्हणाला. “आम्ही विचारलं माशीचं नाव काय, तर म्हणाला, मिससने केलीय, मिससच म्हणा. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. इथल्या दुकानातसुद्धा ती त्याच नावाने मागतात.”

“पण मला तर म्हणाला होता, कुणाला सांगू नकोस!”

“हो. कारण तू सांगायला आली असतीस, तर आम्हाला आधीच माहीत आहे हे तुला कळलं असतं, आणि त्याने आम्हाला का सांगितलं, हेही तू विचारलं असतंस.” ग्रॅहमने टॉवेलची घडी घातली. “त्याला माशी गळाच्या दोरीला बांधता येत नव्हती, चित्रा. ती मी बांधून द्यायचो. पाण्यात उतरून उभं राहताना तोल राहायचा नाही, तर मी मागे उभा राहून त्याचा कमरेचा पट्टा धरायचो. दोन वर्षं. तुला कळलं तर तू काळजीपोटी येऊ देणार नाहीस, असं म्हणायचा. सगळ्यांकडून त्याने शब्द घेतला होता.”

चित्रा खुर्चीवर बसली. मी तिचा खांदा धरला. मला वाटलं ती रडेल. रडले मी. ती कितीतरी वेळ त्या उंच माणसाच्या हातांकडे बघत राहिली. मोठे, राकट हात होते.

“घट्ट धरायचात ना?” तिने विचारलं.

“घट्ट,” तो म्हणाला.

बघा म्हणजे! तिने त्याची लाज राखायची म्हणून तोंड शिवून घ्यायचं आणि त्याने तिला घोर लागू नये म्हणून गावभर ओठ शिवून घ्यायला लावायचे. दोघांच्याही कानाखाली वाजवावी असं मला वाटलं. एक तर आता हाती लागणारही नव्हता.

पाटीच्या खाली बुचाच्या लाकडाचा एक गोल तुकडा होता, रिकामा. तिथे माशी लावायची होती. मोहनची शेवटची एका मोठ्या ट्राउटने तोडून नेली, आणि दुकानातली नक्कल तिथे लावायला कुणाचं मन होईना. ग्रॅहमने एवढंच सांगितलं. बांधून दे असं काही तो म्हणाला नाही.

चित्राने डबा उघडला. हुक घेतला, कापूस घेतला. तिथल्या लोकांकडे हुक धरायचा छोटा शिकंजा असतो, तो कुणीतरी पुढे सरकवला, पण तिने मान हलवली. डाव्या चिमटीत हुक धरला, उजव्या बोटाने पाण्याचा हात लावून कापूस ओढला आणि पीळ द्यायला लागली. एक मणी, दुसरा, तिसरा. म्हातारे खुर्च्या सरकवून पुढे आले. ज्याने बुटांकडे पाहिलं होतं, तो पुटपुटला, “असं होय! आम्ही पाच वर्षं उलटा पीळ देतोय.”

मग ती थांबली. लाल लावायचं होतं. एकाने मार्कर दिला, दुसऱ्याने लाल रंगाची बाटली. तिने दोन्हीला हात लावला नाही.

माझ्या पर्समध्ये संक्रांतीच्या वाणातली कुंकवाची पुडी तशीच पडली होती. मी ती काढून तिच्यासमोर ठेवली. बोलले काहीच नाही. म्हटलं ना, जड जातं, पण कधी कधी जमतं.

ती पुडीकडे बघत राहिली. बाहेर सॉसेजेस करपल्याचा वास यायला लागला, तरी कुणी उठेना. शेवटी तिने पुडी उघडली, डाव्या तळहातावर चिमूटभर कुंकू घेतलं, पाण्याचा थेंब टाकून कालवलं आणि उजव्या हाताचं बोट बुडवून पहिल्या दोन मण्यांमध्ये टेकवलं. मग पुढच्या दोहोंमध्ये.

“नेलपॉलिश दे गं,” ती म्हणाली. “डब्यात आहे बघ.”

परतताना आम्ही कूमालाच कॉफीला थांबलो. वाटेत ती एकदाच म्हणाली, “पट्टा धरायचा म्हणे,” आणि परत खिडकीबाहेर बघत बसली.

आत शिरताना तळहात, बोट, सगळं तसंच लाल होतं. मी म्हटलं, “अगं, हात धुऊन घे आधी.” ती बेसिनपाशी गेली आणि डावा हात स्वच्छ धुऊन आली. उजव्या हाताचं लाल बोट तसंच ठेवून, कपाला लागणार नाही असं तिने जरा वर धरलं आणि तशीच कॉफी प्यायली.