अठरा अक्षरांतली बारा

अठरा.

मॉडर्न. डेंटल. क्लिनिक. प्रत्येक शब्दात इंग्रजी अक्षरं सहा, एकूण अठरा. धाकटीचा दवाखाना रविवारी सकाळी नऊला उघडणार होता आणि भिंतीवरचं नाव थोरली देणार होती. ‘देणार’ म्हणजे विकत घेऊन नव्हे. थोरली बारा वर्षं पाट्यांच्या कारखान्यात वेल्डर होती. स्टीलच्या अक्षरांना मागून बारीक दांडे जोडायचे, की ती भिंतीतल्या भोकांत बसतात. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

अक्षराची पुढची बाजू चकचकीत, मागची खरखरीत. अक्षरं टेबलावर पालथी घालायची आणि खरखरीत बाजूला दांडा लावायचा. डोळे मिटूनही जमेल असं काम.

पण बहिणीची पाटी म्हणून थोरलीने हौसेने मागची बाजूही चकचकीत करून टाकली. भिंतीला टेकणारी बाजू कोण बघणार होतं? कुणीच नाही. तरी केली.

शनिवारी सकाळी धाकटी कारखान्यात आली. तिला नाव डोळे भरून बघायचं होतं. तिने अक्षरं टेबलावर सरळ मांडली, दोनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने वाचली आणि रंगारी खोळंबलाय म्हणत पळाली. थोरली तिच्या पाठमोऱ्या गडबडीकडे हसत बघत राहिली. मग मुखवटा खाली ओढला आणि टेबलावर जशी होती तशीच अठराच्या अठरा अक्षरं वेल्ड केली.

मुखवटा वर केला तेव्हा दांडे पुढच्या बाजूला होते.

एकूण एक.

बारा.

पत्रा पातळ. दांडा उपटला की भोक पडणार. नवी अक्षरं कापायची तर कापणारा सोमवारी येणार. थोरली स्टुलावर बसली आणि तिने नवऱ्याला फोन लावला. नवरा पोस्टात पत्रं निवडायचा आणि जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायचा. दिलेल्या अक्षरांतून जास्तीत जास्त इंग्रजी शब्द काढायचे, या एका गोष्टीत त्याचा दरारा होता. बाकी गोष्टींबद्दल न बोललेलं बरं.

दांडे भिंतीत घालायचे तर मागची बाजू पुढे येणार आणि अक्षर आरशातल्यासारखं उलटं दिसणार. तो येईपर्यंत तिने अक्षरं फिरवून बघितली. ए, एम, टी, ओ, आय आरशातही तशीच दिसतात. सी, डी आणि ई उलटी होतात, पण खाली डोकं वर पाय केली की पुन्हा शहाण्यासारखी. दोन्ही बाजू चकचकीत असल्याने ही सगळी वाचली. आर, एल आणि एन मात्र कशीही फिरवली तरी येडीच. अठरातली सहा गेली, उरली बारा.

एम, ओ, टी, ए. डी दोन, ई दोन, आय दोन, सी दोन.

नवऱ्याने बाह्या सरसावल्या. एवढ्या भांडवलात माणूस राज्य करेल, म्हणाला. त्याने पाकिटाच्या पाठीवर भराभर लिहिलं:

डाइड
कोमा
ॲसिड
इडियट

“अहो, दाताचा दवाखाना आहे.”

“मी कुठे काय म्हणतोय? अक्षरं म्हणतायत.”

अर्ध्या तासात पाकीट भरलं. डाएट, डाइस, डीकोड, मीडिया. शेवटी त्याने छाती फुगवून नऊ अक्षरी काढला, मेडिकेटेड. थोरलीने अर्थ विचारला. औषध घातलेलं, तो म्हणाला. साबणावर लिहितात तसं ना, तिने विचारलं, आणि तो जरा खट्टू झाला.

मेडिक त्यातल्या त्यात बरा होता. पाच अक्षरी, इभ्रतीचा. पण धाकटीने तीन वर्षं दुसऱ्यांच्या दवाखान्यांत नोकरी करताना हे नाव वहीच्या मागच्या पानावर गिरवलं होतं, हे थोरलीला ठाऊक होतं. तिला पाच अक्षरं कोणत्या तोंडाने द्यायची?

सहा.

चारच्या सुमारास धाकटी आली आणि पाटी भरायला पिशवी पुढे केली. थोरलीने घडलं ते सगळं एका दमात सांगितलं. धाकटी म्हणाली, चूक माझीच, मीच सरळ मांडली. थोरली म्हणाली, दांडे तू नाही लावलेस. दोघी एकमेकींच्या हातून चूक हिसकावून घेत राहिल्या. नवऱ्याने मध्येच पाकीट दाखवलं. धाकटीने यादी वाचली, इडियटपाशी थांबून त्याच्याकडे बघितलं, आणि पाकीट परत केलं.

“भाऊजी, शब्द छान आहेत. पण माझा नाही यात.”

मग तिने ती बारा अक्षरं टेबलावर ठेवली, ज्याची त्याची जागा धरून. एम, ओ, डी, ई आणि पुढे दोन खिंडारं. दुसऱ्या शब्दात दोन, तिसऱ्यातही दोन. ती मागे सरकली. मान तिरकी केली. रोज लोकांच्या तोंडात बघते त्याच नजरेने बघितलं.

“ताई, असंच लाव.”

“लोक हसतील गं.”

“हसले तर तोंडं उघडतील. मला तेवढंच हवंय.”

थोरलीला ते पटलं नाही. तरी रविवारी सात वाजता ती शिडीवर चढली, एकेक भोक पाडलं, बारा अक्षरं बसवली आणि सहा जागा मोकळ्या सोडल्या. खाली उतरून तिने पाटीकडे पाठ केली, कारण बघवत नव्हतं.

नऊच्या आतच समोरच्या फुटपाथवर लोक रेंगाळू लागले. दोन बायका पैज लावल्यासारख्या अक्षरं भरत होत्या. एक वयस्क गृहस्थ रस्ता ओलांडून तावातावाने आत आले. पाटीची सहा अक्षरं पडलीयत आणि तुम्हाला पत्ता नाही, असं त्यांचं म्हणणं. धाकटीने शांतपणे ऐकून घेतलं.

“काका, तुमचेही खालचे दोन दिसत नाहीत. कधी पडले?”

काकांनी तोंड मिटलं. जरा वेळाने खुर्चीकडे बघितलं. मग बसले.

सोमवारी संध्याकाळी थोरली नवी सहा अक्षरं घेऊन आली. खरखरीत बाजू खरखरीतच ठेवलेली, चारदा तपासलेली. आत बाकावर चार माणसं बसली होती. धाकटीने दारातूनच मास्क खाली ओढला.

“आज दोनच लाव. बाकीची पुढच्या सोमवारी.”

थोरलीने तोंड वाकडं केलं आणि शिडी मांडली.