दोन मजल्यांच्या मधे

त्या सोमवारी सकाळी सौंदर्याचं आणि तिच्या सासूचं पुस्तकावरून वाजलं.

पुस्तक तसं साधंच. चारचौघांसारख्या माणसांनी आपापल्या आयुष्यातले खरे प्रसंग लिहून पाठवलेले, ते कुणीतरी गोळा करून छापलेले. गेल्या श्रावणात सातव्या महिन्यात सौंदर्याचं बाळ पोटातच गेलं, तेव्हा नणंदेनं, राजनंदिनीनं, तिला ते आणून दिलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी कुकर होईस्तोवर ओट्याला टेकून ती त्यातली एक गोष्ट वाचायची. त्या माणसांनी काही डोंगर हलवले नव्हते. कुणी पाय गेल्यावर रिक्षा चालवायला शिकलं होतं, कुणी वेडसर भावाला जन्मभर सांभाळलं होतं. पण गोष्ट वाचून झाली की तिला पीठ मळायला घ्यावंसं वाटायचं, केस विंचरावेसे वाटायचे.

सासूबाईंना, शिवम्मांना, हे पटत नव्हतं. घरात सगळे त्यांना कानडी वळणानं अव्वाच म्हणत.

"दुसऱ्याची दुखणी वाचून तुझं दुखणं बरं हुतंय व्हय?" अव्वा म्हणाल्या. "आमच्यात माणूस गेलं की रडायचं आन् कामाला लागायचं."

"तुम्ही तर रडलाही नाहीत," सौंदर्याच्या तोंडून निघून गेलं.

अव्वांनी तिच्याकडं एकदा बघितलं. मग पूजेची पिशवी उचलली आणि एकट्याच महादेवाच्या देवळाला निघाल्या. त्यांना लिफ्टची धास्ती होती आणि गुडघ्यांना जिन्याची, म्हणून एरवी सौंदर्याच त्यांना चौथ्या मजल्यावरून खाली सोडून यायची. आज ती जागची हलली नाही. लिफ्टचं जाळीचं दार ओढल्याचा खडखडाट तिनं घरातूनच ऐकला.

तेवढ्यात वीज गेली. आणि जिन्यातून किंकाळी आली.

सौंदर्या अनवाणीच धावली. कसबा बावड्यातल्या त्या नव्या इमारतीची लिफ्ट आधीपण अडकायची, पण बॅटरीवर सावकाश खाली यायची. आज ती दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे लटकून राहिली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या बंद दाराला काचेची एक पट्टी होती. सौंदर्यानं मोबाईलचा टॉर्च लावून आत बघितलं, तर वरच्या बाजूला, जाळीपलीकडं, तिला फक्त अव्वांचे पाय दिसले. जोडवी घातलेले.

"अव्वा! मी आलेय, अव्वा!"

"काढ गं मला! श्वास पुरत न्हाई!"

वॉचमन ज्ञानू किल्ली घेऊन वर आला, पण दाराला हात लावायला तयार होईना. "वहिनी, मधेच दार उघडून म्हातारीला वढायला गेलो आन् लिफ्ट हलली, तर कंबरेतनं चिरंल. मेकॅनिकला फोन केलाय. सम्राट म्हणून हाय एक. हातकणंगल्यास्नं निघालाय."

"हातकणंगले? कधी पोचायचा तो?"

ऊसतोडीचा हंगाम होता. रस्त्यात ट्रॅक्टरांची रांग लागली असणार, हे ज्ञानूनं सांगायची गरज नव्हती. सौंदर्यानं अग्निशमन दलाला फोन लावला, तर त्यांची गाडी कुठल्याशा आगीवर गेलेली; मग नवऱ्याला लावला. सोमशेखर शिरोलीच्या फौंड्रीत होता, भट्टीच्या आवाजात त्याला रिंग ऐकू जात नव्हती.

काचेपलीकडचे पाय हळूहळू खाली सरकले. अव्वा भिंतीला टेकून बसल्या. आता त्यांचा गुडघा दिसत होता, आणि गळ्यातलं इष्टलिंग घट्ट धरलेली मूठ.

"छातीवर कुणी पाय दिल्यागत वाटतंय," अव्वा म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी अव्वांच्या हृदयात स्टेंट घातला होता. जिभेखाली ठेवायची गोळी कमरेच्या पिशवीत असते, हे तिला माहीत होतं. अंधारात अव्वांना ती सापडेल का, हे माहीत नव्हतं.

"कमरेची पिशवी सोडा. घाई नको. सुपारीच्या खाली बघा, बारकी बाटली आहे."

"सांडलं... सगळं सांडलं गं."

सौंदर्यानं मोबाईल काचेच्या कडेला तिरका धरला. उजेडाची रेघ जाळीतून आत गेली. सुपारी, नाणी, देवळातला जुना अंगारा... आणि अव्वांच्या टाचेशी बाटली. "डाव्या पायाशी, अव्वा. नाही, मागं. आणखी मागं. हां!"

झाकण निघायला फार वेळ लागला. गोळी जिभेखाली गेल्याचं अव्वांनी हुंकारानं सांगितलं, तेव्हा कुठं सौंदर्यानं भिंतीला डोकं टेकलं. ज्ञानू हळूच म्हणाला, "बोलत ऱ्हावा वहिनी. झोपू देऊ नका त्यास्नी."

काय बोलायचं? सकाळी घरातून जाताना त्यांचं तोंड कसं झालं होतं, तेच तिच्या डोळ्यांसमोर होतं. तिनं घाईघाईनं पुस्तकातली गोष्ट सुरू केली.

"अव्वा, एक ट्रक होता. घाटात कठडा तोडून दरीच्या काठावर लटकला. ड्रायव्हर आत अडकला, शुद्ध जायला लागली. तर क्लिनर बाहेरून पहाटेपर्यंत त्याला कोडी घालत बसला. ड्रायव्हर उत्तरं देत राहिला, आणि त्यामुळं वाचला."

"कसली कोडी?" आतून क्षीण आवाज आला.

"ती... ती नाहीत दिलेली."

"मग कसलं गं खरं पुस्तक तुझं?"

एवढ्या भीतीतही सौंदर्याला हसू फुटलं. आणि त्याच क्षणी वर कुठंतरी कडकन आवाज झाला, लिफ्ट वीतभर खाली घसरली. अव्वांच्या ओरडण्यानं सगळा जिना दणाणला. खालच्या मजल्यावरच्या बायका दारं उघडून बाहेर आल्या.

मग आतून काहीच आवाज येईना.

"अव्वा? अव्वा, बोला की!"

"झोप यायला लागलीया," बऱ्याच वेळानं अव्वा म्हणाल्या. "लोकांच्या गोष्टी बास कर."

सौंदर्यानं काचेवर तळहात ठेवला. तिला पुस्तकातली दुसरी एकही गोष्ट आठवेना. जी आठवत होती ती कुठं छापलेली नव्हती, आणि आजवर कुणाला सांगितलेली नव्हती. नवऱ्यालासुद्धा नाही.

"माझी ऐका मग," ती म्हणाली. "बाळ गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात भिंतीकडं तोंड करून पडले होते. येईल तो म्हणायचा, होईल पुन्हा, वय आहे अजून. मला वाटायचं, उठून खिडकीतून उडी टाकावी. खरंच वाटायचं, अव्वा. दुपारी फरशी पुसायला एक बाई आल्या. धोंडुबाई. पोछा बाजूला ठेवला, हात धुतले, माझ्या उशाशी बसल्या आणि माझे केस विंचरायला लागल्या. गुंता झाला होता नुसता. एक शब्द बोलल्या नाहीत. वेणी घातली आणि गेल्या. त्या गेल्यावर मी पाणी मागितलं. तोपर्यंत मी पाण्यालाही शिवले नव्हते."

"मी बघितलंय ते," आतून आवाज आला.

"काय?"

"दारात हुते मी. आत यायला पाय उचलत नव्हता. तुला काय म्हणू, कसं म्हणू, कळंना. ती बाई केस विंचरत हुती. मनात म्हटलं, शिवम्मा, हे काम तुझं हुतं. परक्या बाईनं केलं." अव्वांना धाप लागली. त्या थांबल्या, पण आवाज पुन्हा आला. "लाज वाटली. तशीच मागं फिरले. खाली रिक्षा स्टँडवर बसून रडले, घरी यायच्या आधी तोंड धुतलं."

सौंदर्या काचेला कपाळ लावून उभी राहिली आणि आत उजेड धरून राहिली.

शेवटी जिन्यात बुटांचा आवाज झाला. घामानं डबडबलेला सम्राट तीन तीन पायऱ्या चढत गच्चीवरच्या मशीनच्या खोलीकडं गेला. "चाक हातानं फिरवतोय! दारापासनं लांब ऱ्हावा!" तो वरून ओरडला. लिफ्ट कण्हत कण्हत खाली यायला लागली. मधे एकदा थांबली, तेव्हा ज्ञानूनं 'जोतिबा, जोतिबा' म्हणायला सुरुवात केली. पुन्हा हलली. मजल्याला लागली. ज्ञानूनं किल्ली फिरवून दार उघडलं, आणि सौंदर्या आत शिरली. अव्वांचं पातळ घामानं भिजलं होतं, ओठ निळसर पडले होते. तिनं त्यांना काखेत हात घालून बाहेर काढलं, तर त्यांनी तिच्या दंडात अशी बोटं रुतवली की वळ उठले.

दवाखान्यात तपासण्या झाल्या; हृदयाचा झटका होता, पण सौम्य. गोळी वेळेवर गेली म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. सोमशेखर फौंड्रीतल्या काळ्या कपड्यांनिशीच आला, आईचे पाय चेपत बसला आणि नंतर औषधं आणायला खाली गेला.

खोलीत दोघीच राहिल्या. अव्वांचे डोळे मिटलेले होते. सौंदर्याला वाटलं, झोपल्या. ती चादर सारखी करायला वाकली.

"नाव काय ठेवणार हुता त्याचं?" अव्वांनी डोळे न उघडताच विचारलं.

हे इतक्या महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं.

"शिवांश."

"शिवांश," अव्वा पुटपुटल्या. मग जरा मोठ्यानं, घरातल्या कुणाला हाक मारावी तसं, पुन्हा म्हणाल्या, "शिवांश."

रक्तदाब बघायला आलेली नर्स दारातूनच म्हणाली, "आजी, बोलायचं नाही हं."

"गप ऱ्हा गं," अव्वा म्हणाल्या. "नातवाचं नाव घेतीया."