जाळ्याचं शिसं

वितळलेलं शिसं थंड पाण्याच्या परातीत पडलं, चर्रर्र झालं, आणि सगळी गर्दी ओरडली, "निघाली! निघाली!"

परात माझ्या पोरीच्या डोक्यावर धरलेली. हर्षा, वय सात.

"पाहा, तलावातली हडळ!" लच्छू महाराजानं पाण्यातून वाकडातिकडा गोळा काढला. "हे शिंग, हे नख! पोरीची अक्कल खाऊन राह्यली होती. आणखी चार मंगळवार ओता लागन. शिसं मात्र घरच्या जाळ्याचंच आणजा!"

दीड महिन्यापासून अक्कल जात होती, हे खरं. पाढे म्हणणारी पोर अक्षरं विसरली. पोट धरून रडायची, चिडून चावायची. झटकेही आले. आम्ही ढिवर, मासोळीवर जगणारे. तलावातली हडळ मला लगेच पटली.

तिसऱ्या मंगळवारी पुन्हा झटका आला. बायको, प्रेमिला, माझं न ऐकता तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. रक्ताचा रिपोर्ट आला तसं पुनम डॉक्टरीणबाईनं मला बोलावलं.

"शालिकरामभाऊ, घरी शिसं कुठी आहे?"

"जाळ्याले, ते पाण्यात बुडाले पाह्यजे म्हणून. मीच चुलीवर वितळवतो, गोळ्या करतो."

"दोरीवर कोण बसवते?"

"हर्षा." गोळीची फट दोरीवर ठेवून दातानं दाबतात. हर्षाचे दात बारीक, गोळी घट्ट बसायची. मी शाबासकी द्यायचो.

"शिसं रक्तातून मेंदूत जाते, भाऊ. लहान लेकराले जास्तच बाधते. औषध देतो. पण गेलेलं सगळं वापस येईल, असं नाई सांगू शकत."

पुढच्या मंगळवारी मी पोरीऐवजी कोहळा नेला.

"महाराज, याच्यावर ओता."

"येडा झाला काय बे?"

"ओता ना!" शेजारची अंजनाबाई ओरडली. "भेता काऊन?"

ओतलं. तसंच शिंग, तसंच नख.

"कोहळ्याची अक्कल कोणं खाल्ली, महाराज?" अंजनाबाईनं विचारलं आणि गर्दी फिस्सकन हसली.

गरम शिसं गार पाण्यात पडलं की वेडंवाकडंच गोठतं. मंत्र लागत नाही. वरून त्या शिशाचा धूर माझ्या पोरीच्या नाकात गेला. तिला तिथं बसवलं मीच, तीनदा.

महाराज त्याच दिवशी पळाला. मी कुठं पळू?

म्हणून लिहितो. घरात शिसं वितळवू नका. लेकरांच्या दातांना ते लागू देऊ नका. लेकरू शिकलेलं विसरायला लागलं तर आधी रक्त तपासा. मी दोन महिने उशीर केला.