ती वायर महादेवनं हलवली नव्हती

मी पंपाचा टायमर बोलतोय. नवीन पनवेलमधल्या एका रो-हाउसच्या मागच्या भिंतीवर, गॅसच्या बॉयलरशेजारी माझा मुक्काम. तळहाताएवढा पांढरा डबा मी, पाहुण्यांना कुणी कौतुकानं दाखवावा असा नव्हे.

रूबीकाकींचे गुडघे आखडतात, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, इसाजीकाकांनी, तिन्ही नळांना गरम पाणी फिरवणारा बॉयलर बसवून घेतला. जवळच्या ओवे गावच्या महादेव वायरमननं मला आणलं, माझ्यासाठी कायम वीज असलेली वेगळी वायर ओढली आणि काकांना समजावलं, "बॉयलर बंद केला तरी तो आतून तापलेलाच ऱ्हातो. ह्यो डबा पाच मिनटं पंप चालू ठेवतो, म्हंजी पानी फिरून तो निवतो. ही वायर कदी हलवू नका." त्या दिवशी मी फार भाव खाल्ला.

शुक्रवारी संध्याकाळी या ज्यू घरी शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागतात. मग कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. काकींची आंघोळ नेहमी उशिरा, त्यामुळे बॉयलर अगदी शेवटच्या घटकेला बंद होई. दिवे लागले तरी पंप आपला घूं घूं करत असे. काकांना प्रार्थनेत ते खुपायचं. एका गुरुवारी त्यांनी स्वतःच माझं झाकण उघडलं आणि माझी वायर बॉयलरच्याच बटणावर नेली. आता बॉयलरबरोबर पंपही गप्प. काकांनी हे कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या शुक्रवारी बटण बंद झालं, अडकलेलं पाणी आतच उकळलं, वाफेनं पाइपचा जोड निखळला आणि शेजारी टॉवेल वाळत घालणाऱ्या काकींचा पाय भाजला.

रविवारी महादेव आला. काकींना बघायला शेजारच्या शकूताई आल्या होत्या. त्यांच्यादेखत काका म्हणाले, "महादेव, तुझं वायरिंग चुकलं."

महादेवनं झाकण काढलं. तो प्रत्येक टोकाला लाल टेप लावतो. या टोकाला काळी होती. त्यानं काकांकडे पाहिलं. काका फरशीकडे बघत होते.

"व्हय काका, माजीच चूक," तो हळूच म्हणाला. चारचौघांत म्हाताऱ्याची अब्रू जाऊ नये म्हणून असेल. वायर जागेवर लावून तो गेला. सगळं माझ्या पोटात होतं आणि मी नुसता भिंतीला चिकटून होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शकूताईंनी आपल्या घराचं काम त्याच्याकडून काढून घेतलं. आता गल्लीत त्याला कुणी बोलावत नाही.

किप्पूरच्या, म्हणजे वर्षाच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाआधी, ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची, ही या लोकांची रीत. आदल्या दिवशी काका माझ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी महादेवला फोन लावला.

"बोला काका," तिकडून आवाज आला. "काकींचा पाय कसा हाय?"

काकांचे ओठ हलले. "बरा आहे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचा थेंबही न घेता उपास केला.

काकांना जमलं नाही. म्हणून लाज गिळून मीच सांगतोय, ती वायर महादेवनं हलवली नव्हती. तुमच्यापैकी कुणी आमच्या गल्लीत आलंच, तर शकूताईंना एवढं सांगा.